घंगाळापाशी बसलेली बाई : एका चित्रवाचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात मी प्रौढांसाठी कलारसग्रहणाचा वर्ग घेते. सहा रविवार, रोज दोन तास, मधे चहा. या तुकडीत अकरा जण होते. हे टिपण चौथ्या रविवारचं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिघं जण महत्त्वाचे. ब्लाऊज शिवून संसार केलेल्या साठीच्या एक काकू. वसईकडचे, कॅथलिक कुटुंबातले एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळेच ‘सर’ म्हणायचे. आणि पंचविशीतला एक तरुण, जो प्रत्येक चित्राची माहिती आधीच मोबाइलवर वाचून यायचा.

चौथ्या रविवारचा विषय होता ‘चित्रातला शोक’. त्यासाठी मी इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘कुमारी मरियेचा मृत्यू’ निवडलं होतं. कुमारी मरिया म्हणजे येशूची आई. लायेर्त्सियो केरुबीनी या वकिलानं १६०१ साली रोममधल्या आपल्या चॅपेलच्या, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, वेदीसाठी हे चित्र काढायला सांगितलं. त्रास्तेवेरे भागातलं सांता मारिया देल्ला स्काला हे चर्च, ‘अनवाणी कार्मेलाइट’ या कॅथलिक संघातल्या साधूंचं. चित्र तयार झालं आणि साधूंनी ते नाकारलं. पुढे १६०७ मध्ये चित्रकार रुबेन्सच्या शिफारशीवरून इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकनं ते विकत घेतलं. रोम सोडण्यापूर्वी ते आठवडाभर लोकांना बघायला ठेवावं लागलं, इतकी त्याची चर्चा झाली होती. मग इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, त्याच्यानंतर फ्रान्सचा चौदावा लुई, असं हातोहात होत आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

चित्र प्रचंड आहे. उंची ३६९ सेंटिमीटर, रुंदी २४५. म्हणजे बारा फूट बाय आठ फूट, माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. एका साध्या खोलीत, आखूडशा बिछान्यावर लाल वेशातली मरिया पडली आहे. मान कलंडलेली, हात बाजूला लोंबलेला, पोट फुगलेलं, पावलं उघडी आणि सुजलेली. भोवती येशूचे शिष्य उभे आहेत, वयस्कर, टक्कल पडलेले, अनवाणी. पुढे एका बुटक्या आसनावर येशूची अनुयायी मरिया माग्दालेना बसली आहे. ती इतकी वाकलीय की तोंड दिसतच नाही. तिच्या पायांपाशी जमिनीवर तांब्याचं एक भांडं. वर, चित्राचा जवळजवळ तिसरा भाग व्यापून, लाल कापडाचा एक भलामोठा झोळ लोंबतोय. देवदूत नाहीत, ढग नाहीत, उघडलेलं आकाश नाही. डावीकडून वरून उजेड येतो, टकलांवरून घसरतो आणि मरियेच्या चेहऱ्यावर थांबतो.

अडचण कशी उभी राहिली

मी चित्राआधी प्रतीकांची यादी पडद्यावर लावली होती. लाल म्हणजे प्रेम आणि बलिदान, डोक्याभोवतीचं वलय म्हणजे पवित्रता, भांडं म्हणजे निष्कलंकपणा, उघडी पावलं म्हणजे दारिद्र्य. मग चित्र दाखवलं आणि विचारलं, “काय दिसतंय?”

काकू पहिल्या बोलल्या. “बाई, हिची अंघोळ घालून झालीय का व्हायचीय?”

मागे कुणीतरी हसलं. मी म्हणाले, “काकू, ते भांडं इथे पावित्र्याचं प्रतीक आहे,” आणि पुढे गेले. या दिवसातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच. एक तर मी त्यांच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. दुसरं म्हणजे जे सांगितलं ते या चित्राला लागूही पडत नव्हतं. चकचकीत भांडं आणि स्वच्छ पंचा हे मरियेच्या निर्मळपणाचं चिन्ह म्हणून येतात ते पंधराव्या शतकातल्या नेदरलँड्सकडच्या चित्रांमध्ये. तिथे देवदूत तिला शुभवार्ता द्यायला आलेला असतो आणि भांडं भिंतीशी नीट टांगलेलं असतं, कुणी हात न लावलेलं. त्या चित्रांतला अर्थ उचलून मी रोमच्या या मयताच्या खोलीत आणून ठेवला. इथलं भांडं जमिनीवर आहे, वाटेत आहे, हाताशी आहे. अभ्यासकही ते प्रेत धुण्यासाठीचंच मानतात. काकूंनी ते एका नजरेत ओळखलं होतं.

काकू थोडं थांबून म्हणाल्या, “लाल नेसवलंय. सवाष्ण गेली वाटतं.” मी त्यावरही काही बोलले नाही.

तेवढ्यात सर बोलले. आवाज शांत होता, पण हात थरथरत होते. “मॅडम, आमच्या आईला असं दाखवायचं? साधं वलयसुद्धा ठेवलं नाही. पाय बघा.” त्यावर मोबाइलवाला तरुण म्हणाला, “सर, ती मॉडेल वेश्या होती ना, म्हणून तर चर्चनं नाकारलं. नदीत बुडून मेलेली बाई समोर ठेवून काढलंय.” सर उठून उभे राहिले. काकू पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. आणि मी या गडबडीत सरांना विचारलं, “तुमच्यात मयताचं काय करतात, सांगाल का सगळ्यांना?” जणू अख्ख्या ख्रिस्ती धर्माच्या वतीनं बोलायला त्यांना तिथे बसवलं होतं. ते काहीच बोलले नाहीत.

चहाला पंधरा मिनिटं होती. मी चहा आत्ताच घेऊ म्हणून सांगितलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ठरल्याप्रमाणे पुढे जाणं. यादी माझ्याकडे होती, वेळही होता. पण त्या यादीनंच काकूंना गप्प केलं होतं.

दुसरा, चित्र बदलणं. संगणकात दुसरी चित्रं होती, कमी टोचणारी. क्षणभर मोह झाला. पण चित्र बंद केलं असतं तर सरांना वाटलं असतं की त्यांच्या तक्रारीमुळे ते काढलं, आणि काकूंना वाटलं असतं की त्यांच्या रडण्यामुळे. दोघंही अपराधी होऊन घरी गेले असते.

तिसरा पर्याय सगळ्यात सोपा आणि दिसायला सगळ्यात उदार: प्रत्येकाला चित्र वेगळं दिसतं, सगळेच आपापल्या जागी बरोबर, असं म्हणून विषय मिटवणं. रसग्रहणाच्या वर्गात आम्ही हे वाक्य फार वापरतो. त्या दिवशी मला ते नको वाटलं, कारण त्यानं कुणाचाच मान राहत नाही. सरांसाठी मरिया हे मत नाही. काकूंनी भांड्याबद्दल सांगितलं तेही मत नव्हतं, ते चित्रात असलेलं होतं. ‘सवाष्ण’ मात्र चित्रात नव्हतं. आणि तरुणानं सांगितलेली गोष्ट ही एक ऐकीव नोंद होती, तिचं वजन तपासायला हवं होतं. या चार गोष्टींना एकाच तागडीत टाकणं म्हणजे कुणाचंही नीट न ऐकणं.

चौथा पर्याय, यादी बाजूला ठेवून चित्राकडे परत जाणं, आणि प्रत्येक म्हणण्याला एकच प्रश्न विचारणं: हे चित्रात कुठे आहे, दाखवा. यात धोका होता. सगळ्यांसमोर कुणाचं तरी म्हणणं चित्रात सापडणार नव्हतं, आणि ते बहुधा रडणाऱ्या काकूंचंच असणार होतं. तरी मी हाच निवडला.

काय केलं

चहाच्या वेळी आधी सरांकडे गेले आणि मघाच्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “मॅडम, मला राग प्रश्नाचा नाही आला. त्या पायांचा आला.” काकूंना फक्त विचारलं, “बसाल ना पुढे?” त्यांनी मान हलवली. कारण विचारलं नाही. सगळ्यांच्या देखत विचारायची ती जागा नव्हती.

पुन्हा सुरू करताना पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. ट्यूबलाइट बंद केल्या, खिडक्यांना सतरंज्या लावल्या. मघाशी चित्र भर उजेडात दाखवलं होतं, आणि काराव्हाज्जोचं चित्र भर उजेडात दिसत नाही, अर्धं अंधारातच असतं. आता मागच्या शिष्यांचे चेहरे वर आले, मरियेचा चेहरा लख्ख झाला. मग सरच खुर्चीतून पुढे झुकले. “वलय आहे.” ते पडद्यापाशी गेले आणि बोटानं दाखवलं. डोक्याभोवती एक बारीक रेघ, केसाएवढी. मघाशी ट्यूबच्या उजेडात ती पार धुऊन गेली होती. निम्मं भांडण खोलीतल्या उजेडानं लावलं होतं, हे तेव्हा कळलं.

मग मी सगळ्यांना एक काम दिलं. यात रडतंय कोण ते शोधा, आणि त्यातल्या किती जणांचं तोंड दिसतं ते मोजा. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मोजणीत सगळ्यांचा आकडा थोडा वेगळा आला, पण एक गोष्ट सगळ्यांना दिसली: ज्याचं दुःख जास्त, त्याचा चेहरा कमी दिसतो. एकानं मुठीनं डोळे झाकलेत, एकाची मान खाली, आणि माग्दालेनेची तर फक्त वेणी आणि मानेची मागची बाजू. आपल्याकडे बाया पदरात तोंड घेतात तसं. १३०५ च्या सुमाराला इटलीतल्या पादुआच्या चॅपेलमध्ये जॉत्तो या चित्रकारानं येशूच्या मृतदेहाभोवती आपल्याकडे पाठ करून बसलेल्या आकृती काढल्या होत्या. पाठीनं शोक दाखवायची ही रीत तितकी जुनी आहे. पण जॉत्तोच्या आकाशात देवदूत आक्रोश करतायत. इथे वर फक्त कापड आहे.

नंतर पडद्यावर फक्त भांड्याचा भाग मोठा करून लावला आणि काकूंना म्हणाले, “मघाशी तुमचं ऐकलं नाही मी. तुम्ही बरोबर होतात. आता सांगा, झालीय का व्हायचीय?”

काकू उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. “व्हायचीय. कपडे तेच अंगावर आहेत. केस तसेच. आणि ही बाई बघा ना. ही घंगाळ घेऊन आली, बसली, आणि हिच्याच्यानं पुढे होईना.”

मी हे चित्र बरीच वर्षं शिकवते आहे. माग्दालेना रडते आहे, एवढंच मी सांगत आले. ती कामाला बसली आहे आणि तिचे हात उचलत नाहीत, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि मग सर स्वतःहून बोलले. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एक पापी बाई येते. ती येशूचे पाय आसवांनी धुते आणि आपल्या केसांनी पुसते. तिचं नाव तिथे दिलेलं नाही. पण पोप पहिल्या ग्रेगरीनं ५९१ साली एका प्रवचनात ती बाई आणि माग्दालेना एकच मानली, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पुढे शतकानुशतकं तसंच चाललं. “म्हणजे हिनं लेकाचे पाय धुतले,” सर म्हणाले, “आणि आता आईचे धुवायचेत.” काकूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. खोलीत सतरंजीच्या फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी होती, तीत धूळ तरंगत होती, आणि कुणालाच काही बोलावंसं वाटेना. काराव्हाज्जोच्या मनात हे होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण भांडं, वाकलेली बाई आणि उघडी पावलं ही तीन एकाच कोपऱ्याभोवती आहेत, आणि रोममध्ये त्या काळी चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याला ती गोष्ट पाठ होती.

लाल रंगाचं राहिलं होतं. मी सांगितलं की ख्रिस्ती परंपरेत मरियेचे पती योसेफ तिच्याआधीच वारले असं मानतात, खोलीत ते नाहीत, आणि या लालचा सौभाग्याशी संबंध नाही. मरियेला लाल झगा आणि निळं प्रावरण घालायची चित्रकारांची जुनी रीत आहे. इथे निळं मागे सरलंय आणि लाल डोळ्यात भरतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग वर एवढं लाल कापड कशाला?” याचं एकच एक उत्तर नाही, हे मी कबूल केलं. पलंगावरचा पडदा म्हणावा तर तो फार मोठा आहे. नाटकाचा पडदा वर ओढावा तसा तो दिसतो. माझं स्वतःचं वाचन असं की खोलीत जे कुणी ओरडून रडत नाही, ते सगळं त्या कापडात चढलंय. सर म्हणाले, “देवदूत काढून टाकले, पण वरची जागा रिकामी नाही ठेवली.”

तरुणाच्या मुद्द्याकडे मी शेवटी आले, आणि त्याला खाली न पाडता. या नकाराबद्दल तिघांनी लिहून ठेवलंय. मांचिनी हा त्या काळातला वैद्य. मॉडेल वेश्या होती असं तो म्हणतो. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या बाल्योनेनं १६४२ च्या पुस्तकात कारण दिलंय ते मर्यादा न पाळल्याचं, सुजलेल्या अंगाचं आणि उघड्या पायांचं. १६७२ मध्ये दुसरा चरित्रकार बेल्लोरीही फुगलेल्या प्रेताची हुबेहूब नक्कल केली हेच कारण देतो. म्हणजे तिघांपैकी दोघांचं बोट शरीराकडे आहे, सरांचं होतं तिथेच. ज्या साधूंच्या संघाचं नावच ‘अनवाणी’, त्यांना नुसत्या उघड्या पावलांचं काही वाटलं नसेल. त्यांना खुपली ती सूज. जिच्याकडे भाविक रोज ‘आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर’ असं मागणं मागतात, तीच इतकी मेलेली दिसावी, हे वेदीवर कसं सोसायचं? सरांचा आक्षेप मागासलेपणाचा नव्हता. हे चित्र ज्यांच्यासाठी काढलं होतं, त्या पहिल्या प्रेक्षकांचाच तो आक्षेप होता.

मग त्या जागी पुढे लागलेलं कार्लो सारासेनीचं चित्र दाखवलं. त्यात मरिया बसलेली आहे, हात जोडलेले, नजर वर, आणि वर देवदूत. सर बराच वेळ बघत राहिले. “वेदीवर हेच हवं,” ते म्हणाले. “ते पहिलं वेदीवर नको. पण घरात मयत असताना माझ्यासमोर ते पहिलं असतं तर मला चाललं असतं.” त्यांनीच पुढे सांगितलं की मरियेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं हे, सिद्धांत म्हणून १९५० साली पोप बाराव्या पायसनं जाहीर केलं, आणि त्यात ती आधी मरण पावली का, हे मुद्दाम उघडं ठेवलं आहे. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी त्यांच्याकडे हा सण असतो, हे वर्गातल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं.

परिणाम

सर उरलेल्या दोन्ही रविवारी आले. काकू पाचव्या रविवारी आल्या नाहीत, सहाव्या रविवारी आल्या. तरुण परत आला नाही. मी दोनदा फोन केला, एकदा निरोप ठेवला.

सहाव्या वर्गानंतर काकू थांबल्या. त्यांची आई चार महिन्यांपूर्वी गेली होती, भावाच्या गावी. एसटी उशिरा मिळाली. त्या पोचल्या तेव्हा अंघोळ घालून झाली होती, नवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. “थांबले होते ना सगळे माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या, “पण अंघोळीला नाही थांबले.” त्यांनी हे लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलं, म्हणूनच लिहिते आहे.

हे कळल्यावर त्यांचं वाचन त्यांच्या दुःखामुळे झालं असं म्हणून ते बाजूला सारायचा मोह होतो. मी तो टाळते. दुःखानं त्यांचं लक्ष त्या भांड्याकडे नेलं हे खरं. पण कपडे बदललेले नाहीत, केस विस्कटलेले आहेत, भांड्यापाशी बसलेली बाई हलत नाही, हे काकूंच्या आईच्या घरातलं नाही, कॅनव्हासवरचं आहे. उलट ‘सवाष्ण गेली’ हे काकूंच्या जगातून आलं होतं, आणि चित्रानं ते परत केलं. शोक करणारा माणूस चित्र वाचतो तेव्हा या दोन्ही गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या करून त्याच्या हातात देणं हे माझं काम होतं. पहिल्या तासाला मी ते केलं नाही.

पुन्हा घेतला तर काय बदलीन

खोली आधी अंधारी करीन. हे तांत्रिक वाटतं, पण सरांचा पहिला आक्षेप वलयाचा होता आणि वलय माझ्या ट्यूबलाइटनं पुसलं होतं.

प्रतीकांची यादी चित्राआधी दाखवणार नाही. यादी हातात असली की माणसं चित्रात यादीच शोधतात. मीही तेच केलं. त्याऐवजी बारा फूट बाय आठ फुटांची चौकट भिंतीवर सुतळीनं आखून घेईन, म्हणजे ती पावलं चॅपेलमध्ये उभ्या माणसाच्या केवढी समोर आली असती ते आधी अंगाला कळेल.

एखाद्या धर्माच्या माणसाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करणार नाही. सर स्वतःहून बोलले तेव्हा माझ्यापेक्षा कितीतरी नेमकं बोलले. मी विचारलं तेव्हा गप्प राहिले.

तरुणाच्या बाबतीत मी अजून अडखळते. त्याचं म्हणणं मी खोडलं नव्हतं, त्याला जागा दाखवली होती, पण ते सगळ्यांसमोर आणि शेवटी. आधी चहाच्या वेळी त्याच्याशीही बोलायला हवं होतं. मी सरांकडे गेले, काकूंकडे गेले, तो एकटा खिडकीशी मोबाइल बघत उभा होता.

आणि मृत्यूचं चित्र आहे हे आदल्या रविवारी सांगून ठेवीन. न यायची मुभाही देईन. काकूंना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर मी आलेच नसते. मग पुढच्या तुकडीला सांगायचं की नाही, यावर आम्हा दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. मी सांगणार आहे.